ब्रेकमास्तर आणि मागे बसणारे शब्द

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या. त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून ज्यांनी अर्धं आयुष्य काढलं, त्यांना गल्लीतली सगळी माणसं ब्रेकमास्तर म्हणत. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणे.

तरुणपणी ते एका बेकरीची व्हॅन चालवायचे. बेकरीच्या मालकाने एकदा सांगितलं, "माझ्या मेहुणीला गाडी शिकायचीय. मी शिकवायला बसलो की आमची भांडणं होतात. तू बघ जरा." मेहुणीने पहिल्याच दिवशी व्हॅन बेकरीच्या भिंतीला घासली. मास्तर ओरडले नाहीत. खाली उतरून भिंतीचा रंग व्हॅनला आणि व्हॅनचा रंग भिंतीला कसा लागलाय ते त्यांनी वाकून वाकून बघितलं आणि म्हणाले, "स्टिअरिंग तुम्ही बरोबर फिरवलंत. फक्त उशिरा फिरवलंत." न ओरडणारा पुरुष त्या घराला नवीनच होता. मेहुणी गाडी शिकली, यथावकाश तिने त्यांच्याशीच लग्न केलं, आणि आता घरात ड्रायव्हर आहे म्हणून स्टिअरिंगला हात लावायचं बंद केलं. ड्रायव्हिंग स्कूल काढायची कल्पना मात्र तिचीच. एका खोलीचं ऑफिस, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, काउंटरमागे ती, आणि दाराबाहेर उभी दोन ब्रेकची गाडी.

मास्तरांना एकच खोड होती. कुठलीही वस्तू आतून कशी आहे हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. काउंटरवर त्यांनी एक जुना क्लच अर्धा कापून ठेवला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवत, "बघा, तुम्ही पाय उचलता ना, तेव्हा आत हे असं होतं." बायको म्हणायची, "अहो, लोकांना गाडी चालवायचीय. जन्माला घालायची नाहीये."

गल्लीच्या तोंडाशी दातांचा दवाखाना होता. डॉक्टरांची बायको परदेशातली. तिचे वडील वारले तेव्हा तिची आई कायमची लेकीकडे राहायला आली. डॉक्टर तिला सासूबाई म्हणत, म्हणून दवाखान्यातली नर्स म्हणू लागली, मग औषधवाला, मग इस्त्रीवाला. सासूबाई हे आपलं इथलं नावच आहे अशी त्या बिचारीची बरेच दिवस समजूत होती. त्यामुळे एक दिवस स्कूलचा फोन वाजला आणि मास्तरांनी उचलला, तेव्हा पलीकडून आवाज आला, "नमस्कार. मी सासूबाई बोलते."

मास्तर चरकले. त्यांच्या स्वतःच्या सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"कोण?"

"सासूबाई. दातांच्या."

मग उलगडा झाला. बाईंना गाडी शिकायची होती. मास्तरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आधी कधी चालवलीय का?" बाई मराठीत शब्द शोधू लागल्या, ते सापडेनात, तेव्हा इंग्रजीत म्हणाल्या, "आय यूज्ड टू ड्राइव्ह."

मास्तरांचं इंग्रजी शाळेतलं, त्यावर गाड्यांच्या माहितीपुस्तकांचा थर चढलेला. 'यूज्ड टू' म्हणजे सवय असणे, हे त्यांना पक्कं आठवत होतं. फोन ठेवून ते बायकोला म्हणाले, "हात बसलेला आहे बाईंचा. फक्त इथल्या रस्त्यांशी ओळख करून द्यायची."

एरवी नवीन माणसाला ते जुन्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत नेत. सासूबाईंना त्यांनी सरळ मोठ्या चौकात नेलं. उंच, किडकिडीत बाई, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला, पाठ ताठ. निघताना गाडी दोनदा बंद पडली, तर मास्तर म्हणाले, "गाडी अनोळखी आहे, होतं असं." बाईंना वाटलं, इथे शिकवायची हीच पद्धत असावी.

चौक गोल होता. मधे बाग, भोवती वाहनांचा वेढा. सासूबाई त्या वेढ्यात शिरल्या खऱ्या, पण बाहेर पडायला वाट मिळेना. एक फेरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला त्या ओरडल्या, "मास्तर! आय वॉन्ट टू पुल ओव्हर!"

मास्तरांनी कान टवकारले. 'पुल' हा शब्द त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. बँकेच्या काचेच्या दारावर एका बाजूला 'पुश' लिहिलेलं असतं, दुसऱ्या बाजूला 'पुल'. पुल म्हणजे ओढा. आणि गाडीत ओढण्याजोगी वस्तू एकच. त्यांनी गच्चकन हँडब्रेक ओढला.

गाडी चौकाच्या मधोमध गचका खाऊन मेली. मागून येणारी लाँड्रीची व्हॅन करकचून थांबली, पण पूर्ण नाही. मागचा लॅम्प फुटल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. लाँड्रीवाला खाली उतरला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून म्हणाला, "अहो, भर चौकात हँडब्रेक ओढतं का कुणी? तुमच्यापायी ठोकून बसलो ना मी!"

कुणाला लागलं नव्हतं. तिघांनी मिळून गाडी ढकलत बाजूला नेली. व्हॅनच्या बंपरला ओरखडासुद्धा नव्हता, म्हणून लाँड्रीवाला लवकर निवळला आणि कपड्यांचे गठ्ठे सारखे करू लागला. मास्तर आणि सासूबाई फूटपाथच्या कडेवर टेकले. 

"तुम्हाला सवय आहे म्हणालात ना?" मास्तरांनी हलकेच विचारलं.

"सवय? नाही, नाही! पूर्वी चालवायची मी. लग्नाच्या आधी. मग नवरा चालवायचा, मी नकाशा धरायची. यूज्ड टू. पूर्वी. आता नाही." मग एकदम वळून, "आणि तुम्ही तो ब्रेक का ओढला?"

"तुम्हीच म्हणालात. पुल."

"पुल ओव्हर!"

"तेच की. पुल म्हणजे ओढा, ओव्हर म्हणजे वर. हँडब्रेक वरच ओढतात."

सासूबाई अशा हसत सुटल्या की लाँड्रीवाला गठ्ठे सोडून बघायला लागला. "पुल ओव्हर म्हणजे," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "गाडी बाजूला घेणे. थांबवणे."

"मग त्यात ओढायचं काय? आणि वर कुठे आहे?"

सासूबाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "जन्मभर बोलत आले. कधी आत बघितलं नाही."

आत बघितलं नाही! मास्तरांच्या मनात ते वाक्य जाऊन रुतलं. पण बाईंचाही एक प्रश्न होता. त्यांनी लाँड्रीवाल्याकडे बोट दाखवलं. "तो म्हणाला, ठोकून बसलो. पण तो तर उभा आहे. का बसलो?"

आता तोंड उघडून मिटायची पाळी मास्तरांची होती.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी गोदामामागे सुरू झाली, अगदी पहिल्या धड्यापासून. एक करार झाला. हुकूम मराठीतच द्यायचे, कारण परीक्षा मराठीत होणार. पण मधल्या वेळात मास्तरांनी इंग्रजीबद्दल काहीही विचारावं आणि बाईंनी मराठीबद्दल.

बाईंनी सुरुवातीलाच मास्तरांना पेचात पकडलं. "तुम्ही ब्रेक मारा म्हणता. हॉर्न मारा म्हणता. गिअर टाका, वळण घ्या, गाडी लावा. आणि सकाळी म्हणालात, गाडी काढा. माझा जावई दाढ काढतो, तशी?"

मास्तर हसले, पण घरी जाईपर्यंत स्वतःशी पुटपुटत राहिले. दाढ काढायची, गाडी काढायची, फोटो काढायचा, दिवस काढायचे. वर्षानुवर्षं ते हे शब्द गाडीच्या चाकांसारखे वापरत आले होते, आणि चाकाकडे कोण बघतं पंक्चर झाल्याशिवाय?

सासूबाई तरुणपणी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांची फळी, आणि दिवसभर वायरी एका भोकातून काढून दुसऱ्यात खुपसायच्या. त्यांच्या त्या नोकरीच्या बोलण्यात 'पुल ओव्हर'सारख्या शेपटीवाल्या शब्दांची खाणच होती. 'टू पुट थ्रू' म्हणजे फोन जोडून देणे, 'टू कट ऑफ' म्हणजे तोडणे, आणि 'टू हँग अप' म्हणजे बोलणं संपवून फोन ठेवणे.

"थांबा," मास्तर म्हणाले. "हँग म्हणजे टांगणे. अप म्हणजे वर. फोन वर कशाला टांगता?"

यावेळी बाईंना उत्तर ठाऊक होतं. जुन्या काळी फोन भिंतीवर असायचा आणि ऐकायचा भाग त्याच्या बाजूच्या आकड्याला अडकवावा लागायचा. वर टांगला की बोलणं संपलं. पुढे फोन टेबलावर आला, मग खिशात आला, पण माणसं अजून टांगतातच आहेत.

"आम्ही ठेवतो," मास्तर म्हणाले. "तुम्ही टांगता, आम्ही ठेवतो. खिशातल्या फोनला दोन्ही लागू नाही." त्यांचा चेहरा कापलेला क्लच दाखवताना व्हायचा तसा झाला. "मग पुल अपमध्येसुद्धा असंच काही असणार. शोधा ना."

'टू पुल अप' म्हणजे गाडी थांबवणं, हे बाईंनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या विचार करत राहिल्या. त्यांचे आजोबा घोडागाडी हाकायचे. लगाम वर ओढला की घोडा मान उचलायचा आणि थांबायचा. "कदाचित तेच," त्या म्हणाल्या. "घोडा गेला, लगाम गेला, ओढणं राहिलं. पण खात्रीने नाही सांगत. विचारायला आजोबा नाहीत."

तेवढं मास्तरांना पुरलं. रिकाम्या मैदानात, बंद गाडीत बसून त्यांनी दोन्ही हातांनी न दिसणारा लगाम ओढून बघितला.

खरी गंमत झाली ती बिस्किटांवरून. मधल्या सुट्टीत बाई थर्मासमधून कॉफी ओतायच्या, मास्तर बिस्किटांचा पुडा काढायचे. एकदा पुड्यात शेवटचं बिस्किट उरलं. मास्तरांनी पुडा पुढे केला. "खाऊन टाका."

बाईंनी बिस्किट उचललं आणि तशाच थांबल्या. "खाऊ की टाकू?"

"खा! खाऊन टाका. म्हणजे संपवा."

"ओ! ईट अप!"

"अप?" मास्तर म्हणाले. "बिस्किट तर खाली जातं."

"आणि तुमचं कुणी टाकत नाही!"

 बिस्किट बाईंच्या हातातच राहिलं. मग जे सुरू झालं ते थांबेना. पिऊन टाका म्हणजे 'ड्रिंक अप'. देऊन टाका म्हणजे 'गिव्ह अवे'. लिहून ठेवा म्हणजे 'राइट डाउन', आणि बाईंना वाटलं, ठेवायची वस्तू खालीच ठेवतात, म्हणजे इथे दोन्ही भाषांनी एकच हालचाल केली. वाचून दाखवा म्हणजे 'रीड आउट'. मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे तुमच्या क्रियापदाच्या मागे दिशा बसते. वर, खाली, आत, बाहेर. आमच्या क्रियापदाच्या मागे दुसरं क्रियापद बसतं. आणि सगळी सत्ता त्या मागच्याचीच. खाऊन टाकलं, खाऊन टाकीन. खाऊन काही हलत नाही. सगळं टाकच करतो."

"मग 'ठोकून बसलो' कसं आहे?" बाईंनी विचारलं. तो लाँड्रीवाला त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता.

मास्तरांनी त्यावर बरेच दिवस घालवले होते. "बसला म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "करून झालं, आता निस्तरता येत नाही. बोलून बसला. पैसे देऊन बसला. काम झालं आणि माणूस त्याच्याशेजारी बसलाय, गालाला हात लावून."

बाईंनी इंग्रजीत त्याला जोड शोधली. अप लावून बघितलं, डाउन लावलं, ऑफ लावलं. जमेना. "आमच्याकडे नाही हे," त्यांनी शेवटी कबूल केलं. "आम्हाला ते सांगायला अख्खं वाक्य लागेल. आणि एक उसासा."

मग त्यांना 'गिव्ह अप' आठवला. "म्हणजे सोडणे. नाद सोडणे, आशा सोडणे."

"सोडून देणे," मास्तर म्हणाले. "गिव्ह म्हणजे देणे ना? तुमच्यातही देणे आणि आमच्यातही देणे. पण देतो कुणाला आपण?"

"कुणाला?" सासूबाई म्हणाल्या.

वारा सुटला होता. गोदामाच्या पत्र्याचा एक कोपरा वाजत होता. बाईंनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. "नवरा गेला तेव्हा मी सगळं सोडून दिलं होतं," त्या म्हणाल्या. "बाग, पत्ते, पोहणं. कुणाला दिलं, मला माहीत नाही. आता परत मागते आहे."

मास्तरांनी बिस्किटांचा रिकामा पुडा खिशात घातला. ते म्हणाले, "चला, गाडी काढा." आणि बाईंनी गाडी काढली.

मास्तरांची खोड आता घरातही शिरली. जेवताना बायको म्हणाली, "भांडी घासून घेते," की हे विचारत, "घेतेस म्हणजे? कुणाकडून?" तिने हात टेकले. "अहो, शिकवणी तुम्ही घेताय की ती बाई घेतेय?" पण तिलाही आतून कुतूहल होतंच. शाळेत तिचं इंग्रजी मास्तरांपेक्षा बरं होतं, आणि स्कूलच्या दारावरच्या पाटीवरचं इंग्रजी वाक्य तिने स्वतः रचलं होतं: 'वी लुक फॉरवर्ड टू टीच यू'. पेंटरने ते निळ्या अक्षरांत, सावलीसकट रंगवलं होतं.

एके दिवशी सासूबाई काउंटरपाशी उभ्या असताना तिने विचारलं, "आमची पाटी कशी वाटते?"

"रंग फार छान," सासूबाई म्हणाल्या.

"आणि वाक्य?"

सासूबाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी छताकडे. "टीच नाही," बाई चाचरत म्हणाल्या. "टीचिंग हवं."

"असं कसं? टूच्या पुढे साधं क्रियापद. टू गो, टू कम, टू स्लीप. आम्ही घोकलंय ते."

"पण हा तो टू नाही."

"मग कुठला?"

"त्याच्यासारखाच दिसतो. जुळा भाऊ. पहिला टू क्रियापदाचा. त्याच्यापुढे क्रियापद नुसतं उभं असतं, कालचं नाही, उद्याचं नाही, माझं नाही, तुझं नाही. इंजिन बंद असलेली गाडी. दुसरा टू म्हणजे 'कडे'. त्याच्यापुढे वस्तू लागते."

"ओळखायचे कसे?"

बाईंनी डोकं खाजवलं आणि एक युक्ती सुचवली. "टूच्या पुढे 'इट' ठेवून बघा. बसलं तर दुसरा टू."

"लुक फॉरवर्ड टू इट," मास्तरांच्या बायकोने म्हणून बघितलं. "बसतं. आता पहिला. आय वॉन्ट टू इट. हेही बसतं की! मला खायचंय!"

"ईट नाही! इट! ऱ्हस्व!"

"ऱ्हस्व इट." तिने पुन्हा म्हणून बघितलं, मान तिरकी करून, भाजी चाखावी तशी. "नाही बसत. अगदीच नाही बसत." आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. ती एकामागून एक वाक्यं करून इट बसवून बघू लागली. कोपऱ्यातून मास्तर म्हणाले, "यूज्ड टूला लावून बघ."

"आय यूज्ड टू इट... नाही बसत."

"आणि मधे ॲम घातला तर?" सासूबाई म्हणाल्या. "आय ॲम यूज्ड टू इट. मला त्याची सवय आहे."

"बसलं!"

मास्तर खुर्चीत मागे रेलले. सवयीचा टू आणि पूर्वीचा टू, दोन निरनिराळे, आणि मधे एवढासा ॲम. फोनवर त्यांनी तो नसतानाही ऐकला होता. "एका ॲमपायी लॅम्प फुटला," ते बायकोला म्हणाले. पेंटरला बोलावलं. टीच आणि यू यांच्या मधे जागाच नव्हती, म्हणून त्याने 'इंग' वरच्या बाजूला बारीक अक्षरांत, पोरगं खांद्यावर बसवावं तसं बसवून दिलं.

सासूबाईंचा हात आता खरंच बसत चालला होता. फक्त क्लच सोडताना त्या ओठांतल्या ओठांत इंग्रजी मंत्र म्हणत. मास्तरांनी कान देऊन ऐकलं. कधी तो 'टू लेट आउट द क्लच स्लोली' असायचा, कधी 'टू लेट द क्लच आउट', आणि चढावर 'टू स्लोली लेट आउट द क्लच'.

"हा स्लोली कुठेही बसतो का?"

"आता बसतो. आमच्या शाळेतल्या बाई टू आणि क्रियापदाच्या मधे कुणाला बसू देत नसत. बसवलं की हातावर पट्टी." सासूबाईंनी आरशात बघून चौथा गिअर टाकला. "मी चढावर बसवते. बाई तिथे येत नाहीत."

"आणि क्लच? आधी तो आउटच्या पुढे होता, मग मधे आला."

"क्लच दोन्हीकडे चालतो. पण क्लचऐवजी 'इट' म्हटलं तर तो मधेच. लेट इट आउट. लेट आउट इट नाही म्हणायचं."

"का?"

"मास्तर, समोर ट्रक आहे."

ट्रक गेल्यावर मास्तरांनी स्वतःचीच परीक्षा घेतली. सोडून द्या. याच्या मधे काय बसतं? हळू नाही बसत. सोडून हळू द्या, छे. पण 'सोडून तर द्या' बसतं, 'सोडून तरी द्या' बसतं. बारकी माणसं आमच्याकडेही फटीत शिरतात, असं त्यांनी बाईंना सांगितलं, आणि बाईंनी पुढचा अख्खा रस्ता 'खाऊन तर बघा', 'येऊन तरी जा' असं म्हणत काढला.

परीक्षेच्या दिवशी मास्तर निश्चिंत होते. नियमाप्रमाणे गाडीत पुढे इन्स्पेक्टर साहेब बसले आणि मास्तर मैदानाच्या कठड्यापाशी उभे राहिले. साहेब मितभाषी. कागद बघितले, पट्टा बघितला, आणि म्हणाले, "हं. सोडा गाडी."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "आता?"

"मग कधी? सोडा."

मास्तरांनी लांबून बघितलं ते असं: गाडी सुरू झाली. मग बंद झाली. बाईंनी पट्टा काढला, पर्स घेतली, दार उघडलं, खाली उतरल्या, दार सभ्यपणे लावलं आणि चालू लागल्या. साहेब काचेतून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

मास्तर धावले. "काय झालं?"

"त्यांनी गाडी सोडायला सांगितली," बाई म्हणाल्या.  "मी काही चूक केली का? मी तर अजून चालवलीही नव्हती."

मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. इतके महिने ते 'गाडी काढा' म्हणत आले होते. दुसरा कुणी 'सोडा' म्हणेल, पाय उचला आणि निघा या अर्थाने म्हणेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी साहेबांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. साहेबांनी ऐकून घेतलं, पण परीक्षार्थी गाडीतून निघून गेल्याचा शेरा त्यांनी आधीच मारला होता. "पुढच्या वेळी बघू," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण खरंच हो, सोडा म्हणजे सोडाच की."

परतीच्या वाटेवर सासूबाई शेजारच्या सीटवर होत्या. मास्तर चालवत होते. अर्ध्या वाटेवर सासूबाईंनी विचारलं, "नापास झाले, याला तुमच्याकडे मागे काय लावतात? नापास होऊन बसले?"

"बसले नाही," मास्तर म्हणाले. "बसले म्हणजे संपलं. तुम्ही नुसत्या झालात."

पुढचे काही आठवडे त्यांनी वेगळाच अभ्यास केला. मास्तरांनी ओळखीच्या सगळ्या ड्रायव्हरांना विचारलं, गाडी सुरू करताना तू काय म्हणतोस? घ्या, काढा, सोडा, हाणा, होऊ द्या, चला, येऊ द्या. जो तो निराळं सांगे, आणि विचारलं की जो तो चमके. लाँड्रीवालासुद्धा व्हॅन थांबवून विचारात पडला आणि म्हणाला, "मी? मी तर काहीच म्हणत नाही. ती निघते."

दुसऱ्या परीक्षेला तेच साहेब होते. सासूबाई चाकामागे बसल्या, पट्टा लावला आणि त्यांनीच आधी विचारलं, "साहेब, सोडा म्हणजे क्लच सोडायचा, की गाडी सोडून द्यायची?"

साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "क्लच. गाडी ठेवा."

"ठेवू कुठे?"

"बाई," साहेब म्हणाले, "चालवा."

हा शब्द त्यांना पक्का येत होता. त्यांनी गाडी मैदानातून बाहेर नेली, मोठ्या चौकात घातली, एकाच फेऱ्यात बाहेर काढली आणि साहेबांनी बोट दाखवलं तिथे बाजूला घेतली. उतरताना साहेब मास्तरांना म्हणाले, "पास. पण तुमच्या या बाईंनी मला घरी जाऊन बायकोशी बोलायची पंचाईत करून ठेवलीय."

सासूबाई त्यानंतर पोहायला स्वतः जाऊ लागल्या. लेक कामावर असली की नातीला आणायला जात. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात सोडत, आणि सोडून देत नसत, परत घेऊनही येत; हा फरक त्या प्रत्येकाला आवर्जून समजावत. मास्तरांच्या बायकोनेही कुणाला न सांगता सासूबाईंना शेजारी बसवून पुन्हा गाडी हातात घेतली. तिने ते नवऱ्याला सांगितलं तेव्हा मास्तरांनी एवढंच विचारलं, "स्टिअरिंग वेळेवर फिरवतेस ना?"

मास्तर काही इंग्रजीचे पंडित झाले नाहीत. आजही 'पुट' या एका शब्दामागे ऑफ, ऑन, अप, आउट, थ्रू लावून बघताना ते अडतात, आणि 'पुट अप विथ' ऐकलं की हात जोडतात. एकाच्या मागे दोन दोन शेपट्या म्हणजे अति झालं, असं त्यांचं मत आहे. पण शिकाऊ माणसाला ते आता नुसतं 'क्लच सोडा' म्हणत नाहीत. सोडा, सोडत राहा, सोडून द्या, या तिन्हींत पाय किती वेगवेगळा उचलतो ते कापलेल्या क्लचवर करून दाखवतात, आणि लोकांना ते पटकन कळतंही.

परवा त्यांची दाढ दुखायला लागली. डॉक्टरांनी खुर्चीत झोपवलं, दिवा डोळ्यांवर आणला, गालात कापूस कोंबला आणि म्हणाले, "आता तोंड उघडून ठेवा."

मास्तरांचे डोळे चमकले. उघडून ठेवा! उघडलेलं तोंड ठेवायचं कुठे? ते काहीतरी बोलू लागले, पण कापसातून नुसतं घुं घुं आलं.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी हात थांबवून विचारलं.

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली, नाही नाही. मग एक बोट वर केलं, जरा थांबा. डॉक्टरांना काही कळेना. त्यांनी बाहेर हाक मारली, "सासूबाई, जरा येता का? हे काहीतरी विचारतायत."

सासूबाई दारात आल्या. त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि जावयाला विचारलं, "तू आत्ता यांना नक्की काय म्हणालास? शब्द न् शब्द सांग."